मदत हवी आहे : मॅसी १०३५ नांगराला वीस मिनिटांत बंद पडतो

काळीमाती
जुना मॅसी फर्ग्युसन १०३५, तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन (१५२ घनइंच, म्हणजे अडीच लिटर), डीपीए रोटरी पंप (नोझलला दाबाने डिझेल देणारा). सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होतो. रिकामा असला तर तक्रार नाही. पलटी नांगर लावला की १५-२० मिनिटांनी आवाज पडतो, धूर जवळजवळ दिसेनासा होतो, दोन-तीन गचके आणि बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, पण पुढची खेप ८-१० मिनिटांचीच.

झालेलं काम : डिझेल फिल्टर नवे, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) तपासून बसवले, टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनवर १२ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एअर क्लीनरचं ऑइल बदललं. पाणी तापत नाही, ऑइल प्रेशर ठीक. फिटर म्हणतो पंप उतरवून हेड-रोटर (पंपातला डिझेल दाबणारा भाग) बदला. एवढ्या खर्चात पडण्याआधी विचारतोय.

इंचीपाना
पंपाला इतक्यात हात लावू नका. महत्त्वाची खूण तुम्हीच लिहिलीय : धूर दिसेनासा होतो. हवा कमी पडत असती तर काळा धूर आला असता. हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असतं तर पांढरा. इंजिन धरत (आत जाम होत) असतं तर सेल्फ जड फिरला असता. धूरच नाही, म्हणजे सिलिंडरला डिझेल पोचत नाही. अडतंय पंपाच्या अलीकडे की आत, एवढंच शोधायचं.

ही तपासणी बंद पडल्या क्षणी, रानातच करायची. घरी आणून केली तर सगळं ठीकच दिसणार, कारण तोवर डिझेल झिरपून फिल्टर पुन्हा भरलेला असतो.

आधी टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं भोक बुजलंय, काम संपलं. नसेल तर फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाची (टाकीतलं डिझेल फिल्टरकडे ढकलणारा छोटा पंप) हातकाडी मारा. बुडबुड्यांशिवाय जोरात डिझेल आलं तर रोटरी पंपावर संशय घ्या. काडी पोकळ लागली तर कॅम (फीड पंप चालवणारा इंजिनातला उंचवटा) तिला दाबून बसलाय. इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा मारा.

काळीमाती
केलं. झाकणाला काही नाही. स्क्रूतून फेस नाही, बुडबुडे नाहीत, नुसतं ठिबकतंय.

गाळणी
फेस नाही म्हणजे पाइप हवा घेत नाही. तशीही या ट्रॅक्टरची टाकी इंजिनच्या वर असते. टाकी ते फीड पंप कुठे सैल असतं तर डिझेल बाहेर गळताना दिसलं असतं. वाट बुजलीय, नाहीतर फीड पंप थकलाय.

फीड पंपात येणारा पाइप सोडा, बाटलीत धरा, टाकीचा कॉक (तोटी) पूर्ण उघडा आणि पाच मिनिटं वाहू द्या. इथे घाई नडते. पहिलं मिनिट धार छानच असते आणि लोक पाइप परत लावून मोकळे होतात. धार हळूहळू बारीक झाली तर टाकीतला कचरा तोंडाशी ओढला जातोय. लोडवर डिझेल जास्त ओढलं जातं म्हणून लवकर बुजतं, बंद पडल्यावर कचरा खाली बसतो म्हणून पुन्हा चालू होतो. मध्ये रबरी नळी असेल तर तीही कापून बघा. आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येतो, बाहेरून नळी ठणठणीत दिसते.

धार शेवटपर्यंत सारखी राहिली तर फीड पंपाच्या झाकणाखालची जाळी बघा. मग त्याचा बाहेरचा पाइप सोडून, स्टॉप (इंजिन बंद करायची दांडी) ओढून सेल्फ मारा. इंजिनच्या दर दोन फेऱ्यांना एक ठसठशीत पिचकारी हवी. इंजिन ऑइलची गेज काडीही बघा : ऑइल वाढलंय आणि डिझेलचा वास येतोय, तर फीड पंपाचा डायाफ्राम (आतला लवचीक पडदा) फाटलेला असू शकतो. तसं असेल तर चालवू नका, पातळ ऑइलने बेअरिंग जातील.

फिटरचं अगदीच चूक नाही. पण घासलेल्या हेड-रोटरची खूण वेगळी : गरम असताना बंद केला की गरमपणी सुरूच होत नाही, पंपावर गार ओलं फडकं ठेवलं की होतो. तापलेलं पातळ डिझेल फटीतून निसटतं, म्हणून. दहा मिनिटांत पंप कुठला एवढा गार होतोय!

काळीमाती
दुसऱ्या मिनिटानंतर धार काडीएवढी. पाइपातून टाकीकडे फुंकर मारली तर परत पूर्ण. बाटलीच्या तळाला गंजाचे पापुद्रे आहेत.

इंचीपाना
मग टाकी उतरवा. फुंकरीवर फार तर एक दिवस निघेल. कॉक काढा, दोन-तीन लिटर डिझेल आणि हातभर बारीक साखळी आत टाकून हलवा, ओता, स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा. पाण्याने धुऊ नका. नवे फिल्टरही उघडून बघा, पापुद्रे तिथवर गेले असतील.

जोडताना बांजो बोल्टचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर नवे घाला, आणि पाने इंची वापरा. मिमीच्या पान्याने नट गोल होतात. पाइपात शिरलेली हवा याच क्रमाने काढा : फिल्टर, मग पंपाच्या बाजूचा हेड लॉकिंग स्क्रू, मग गव्हर्नरच्या (पंपातला वेग आवरणारा भाग) झाकणावरचा. शेवटी दोन नोझलचे पाइप-नट सैल करून, स्टॉप आत, अॅक्सिलरेटर पूर्ण, सेल्फ मारा. डिझेल उसळायला लागलं की आवळा.