मदत हवी आहे: नववीच्या वर्गात रोजची वही सुरू आहे, पण मुलं पुढे सरकत नाहीयेत

सर्वांना नमस्कार.

चोपडा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत मी नववीला मराठी शिकवते. या वर्षी जूनपासून मराठीच्या तासाची पहिली दहा मिनिटं मुलं स्वतःच्या वहीत लिहितात. विषय त्यांचा, खाडाखोड चालेल, शुद्धलेखन तपासणार नाही, फक्त पेन थांबवायचं नाही. काहीच सुचलं नाही तर 'सुचत नाही' एवढंच लिहीत राहायचं.

हे का सुरू केलं ते सांगते. उपयोजित लेखनात माझ्या मुलांचं फारसं अडत नाही. औपचारिक पत्राचा मायना, बातमीचा मथळा, जाहिरातीची चौकट, सगळ्याचे साचे त्यांना पाठ आहेत. अडतं ते स्वमताच्या प्रश्नाला. 'माझ्या मते' असं लिहितात आणि पुढे गाईडमधली चार वाक्यं येतात, अख्ख्या बाकावर तीच. हीच मुलं मधल्या सुट्टीत केळीच्या बागेत वारं शिरून झाडं कशी आडवी झाली, कापूस वेचताना कोण कोणाशी भांडलं, हे इतक्या रंगून सांगतात की ऐकत बसावं. तेच लिहायला सांगितलं की तीन ओळींवर थांबतात. बोलता येतं तितक्या सहज मुलांना लिहिता यावं, एवढीच माझी इच्छा आहे.

सुरुवातीला उत्साह होता. आता अडचणी अशा:

बऱ्याच वह्यांमध्ये रोज तेच असतं. 'सकाळी उठलो, दात घासले, चहा प्यायलो, शाळेत आलो.' तारीख बदलते, मजकूर तोच.

वर्गात साठच्या आसपास मुलं आहेत. सगळ्या वह्या वाचायच्या तर दुसरं काही होणार नाही. न वाचाव्यात तर मुलं विचारतात, 'मॅडम, तुम्ही वाचतच नाही, मग कशाला लिहायचं?'

निम्म्याहून जास्त घरांत अहिराणी बोलतात, काही मुलं पावरा या आदिवासी समाजाची आहेत, त्यांची बोली वेगळी. वहीत 'मना बाप वावरमा गया' असं सरळ येतं. मला ते आवडतं. पण एका सहकाऱ्यांचं म्हणणं आहे की मी मुलांची भाषा बिघडवते आहे.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जड वाटतो. मनातलं लिहा म्हटल्यावर मुलं खरंच मनातलं लिहितात. घरातली दारू, मारहाण, बहिणीचं शाळा सोडवून ठरवलेलं लग्न. वाचल्यावर मी काय करायचं?

ज्यांनी असा उपक्रम वर्षभर चालवला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद: कोरी पाटी

ताई, उपक्रम सोडू नका. सातारा जिल्ह्यात मी आठवी-नववीला बरीच वर्षं हे केलं आहे.

दिनक्रमाची तक्रार सगळीकडे असते. मुलांना वाटतं, रोज लिहायचं म्हणजे दिवसाचा हिशोब द्यायचा. 'काहीही लिहा' हा विषय फार मोठा पडतो, त्यात मूल हरवतं. विषय अगदी लहान करून द्या, मूठभर. 'माझे घर' नको. 'घरातली एक वस्तू जी कोणी फेकू देत नाही' असं द्या. 'माझा गाव' नको. 'स्टँडवर शेवटची एसटी लागते तेव्हा तिथे कोण कोण असतं' असं द्या. माझ्याकडे सगळ्यात जास्त पानं भरली ती 'मला खोटं बोलावं लागलं तेव्हा' या विषयावर. विषय देऊन पुढे 'किंवा तुम्हाला हवं ते' म्हणायला विसरू नका. ज्याच्याजवळ सांगण्यासारखं आहे त्याला आपल्या विषयाची गरज नसते.

लिहायच्या आधी दोन मिनिटं शेजाऱ्याला सांगू द्या. तुम्हीच म्हणता की बोलताना मुलं थांबत नाहीत. मग बोलणं संपलं की लगेच पेन. या एका बदलाने माझ्या वर्गात मागच्या बाकांवरची मुलंही लिहू लागली.

आणि त्या दहा मिनिटांत तुम्हीही फळ्याजवळ खुर्ची घेऊन लिहा. हजेरीपट भरू नका. आठवड्यातून एकदा तुमचं पान वाचून दाखवा, अडखळलेलं असलं तरी.

प्रतिसाद: तिसरी घंटा

वह्यांबद्दल. रोज एकच रांग गोळा करा. आठवड्या-दीड आठवड्यात प्रत्येक वही एकदा हातात येते. मुलाने स्वतः खूण केलेलं एकच पान वाचायचं, सगळी नाही. लाल पेन वापरायचं नाही. खाली एक वाक्य, तेही शक्यतो प्रश्न: 'मग त्या म्हशीचं काय झालं?' 'आजी असं का म्हणाली असेल?' 'छान', 'उत्तम', 'प्रगती आहे' हे शेरे लिहू नका, त्यांना उत्तर देता येत नाही. प्रश्नाला मूल दुसऱ्या दिवशी उत्तर लिहितं आणि तेच त्या दिवसाचं लेखन होतं. 'मॅडम वाचतच नाहीत' ही तक्रारही त्याने मिटते.

ओघ वाढतो आहे का हे मुलांनाच पाहू द्या. दहा मिनिटं संपली की शब्द मोजून पानाच्या कोपऱ्यात आकडा लिहायचा. आकडा फक्त स्वतःच्या आधीच्या आकड्याशी ताडायचा, वर्गात विचारायचा नाही.

प्रतिसाद: पाणपोई

मी थोडं वेगळं मत मांडतो. नववीत शुद्धलेखन तपासलं नाही तर कधी तपासणार? पुढच्या वर्षी बोर्ड आहे. चूक रोज हाताखालून गेली की ती पक्की होते.

प्रतिसाद: तिसरी घंटा

सर, काळजी रास्त आहे. पण मूल एकाच वेळी विचार शोधतं, वाक्य जुळवतं आणि वेलांटी पहिली की दुसरी हेही ठरवतं. तिन्ही एकदम मागितलं की ते सोपं आणि छोटं लिहून मोकळं होतं, म्हणजे चुका कमी आणि मजकूरही कमी. म्हणून मी दोन कामं वेगळी ठेवते. रोजची वही मोकळी. महिन्यातून एकदा मुलाने त्यातलं आवडतं पान निवडायचं, ते वाढवायचं, मग सुधारायचं, शेवटी स्वच्छ कागदावर उतरवायचं. तिथे मी ह्रस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं सगळं बघते. आणि वर्गात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका नाव न घेता फळ्यावर घेते.

प्रतिसाद: आमराई

मी मूळची धुळ्याची, अहिराणी माझ्या घरची भाषा. शाळेत 'डोळा'च्या जागी 'डोया' लिहिलं म्हणून वर्ग हसायचा, त्यानंतर मी किती तरी वर्षं बेताचंच लिहिलं. वहीत अहिराणी येऊ द्या, ताई, मनापासून सांगते. सहकाऱ्यांना एक करून दाखवा: एखाद्या मुलाने अहिराणीत लिहिलेला परिच्छेद त्यालाच प्रमाण मराठीत लिहायला सांगा. कुठे प्रत्यय बदलतो, कुठे क्रियापद बदलतं, हे मूल स्वतः शोधतं. व्याकरणाचा याहून चांगला तास मी पाहिलेला नाही. पावरा मुलांनाही हीच मोकळीक द्या. शब्द कळला नाही तर त्यांनाच विचारा, त्यांना शिकवायला आवडतं.

मुलींना वाचून दाखवायला एक सुचवते: मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीचं लेखन १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापलं गेलं. डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायकांबद्दल तिने लिहिलं आहे. आपल्या अवतीभवतीचं लिहिण्याजोगं असतं हे शाळकरी वयाच्या मुलीच्या शब्दांतून कळलं तर वर्गावर वेगळाच परिणाम होतो.

प्रतिसाद: उंबरा

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण त्याला थांबायला वेळ नाही.

'मी कोणालाही सांगणार नाही' असं वचन मुलांना देऊ नका. पहिल्याच दिवशी सांगा: 'तुमचं लिहिलेलं मी वर्गात किंवा घरी सांगणार नाही. पण कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं दिसलं, तर मदत आणावी लागेल, आणि ते आधी तुमच्याशी बोलून करीन.' जे पान वाचू नये असं वाटतं ते मुलाने दुमडून ठेवावं, आणि आपण ते खरोखर उघडू नये.

लैंगिक अत्याचाराचा उल्लेख असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो. कलम १९ नुसार अशी माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिक्षकही त्यात आले. मुख्याध्यापकांना सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. बालविवाह ठरत असेल किंवा मारहाण असेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तुम्ही लिहिलेल्या त्या बहिणीबद्दल आजच फोन करा. लग्न लागण्याआधी हालचाल झाली तरच उपयोग. मुलाकडून खोदून खोदून तपशील काढू नका, आणि स्टाफरूममध्ये नाव घेऊ नका.

बाकीच्या दुःखांना बहुतेक वेळा उपाय मागितलेला नसतो. 'वाचलं. बोलावंसं वाटलं तर मधल्या सुट्टीत ये.' एवढं लिहिलं तरी मूल समजतं.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. उंबरा ताई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच १०९८ ला फोन केला, मुख्याध्यापकांनाही विश्वासात घेतलं आहे. पुढचं इथे लिहिणार नाही, ते त्या मुलीचं आहे.

सोमवारपासून लिहिण्याआधी दोन मिनिटं बोलणं आणि रोज एक रांग, हे सुरू करते. अहिराणीचा परिच्छेद सहकाऱ्यांच्याच तासाला घ्यायचं ठरवलं आहे, ते तयार झाले.

एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांमध्ये ही वही धरावी असं शाळेत सुचवलं जातंय. गुण आले की मुलं पुन्हा मला आवडेल तेच लिहितील, अशी मला धास्ती वाटते. महिन्याच्या सुधारलेल्या पानाला गुण आणि रोजच्या वहीला काहीच नाही, अशी विभागणी कोणी शाळेकडून मान्य करून घेतली आहे का? घेतली असेल तर कशी मांडली, ते सांगा.