दिवाळी अंकाचा मजकूर ओडीटीतच मागवावा का?

टंकसाळ:
'मजकूर वर्ड किंवा पेजमेकरमध्ये पाठवावा', असं आवाहन अजून दिसतं. पेजमेकर हे पानांच्या मांडणीचं जुनं सॉफ्टवेअर, त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ची! त्याऐवजी 'युनिकोड, ओडीटी' छापा. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संगणकी क्रमांक, ओडीटी म्हणजे 'ओपनडॉक्युमेंट' हा खुला फाईलप्रकार. ओडीटीचा सगळा तपशील २००६पासून आयएसओ २६३०० या आंतरराष्ट्रीय मानकात जाहीर आहे. फाईलच्या नावाअखेरचं ओडीटी खोडून झिप लिहा आणि उघडा. आत कन्टेन्ट नावाची एक्सएमएल फाईल असते. मजकूर नोटपॅडमध्येही वाचता येतो.

उलटतपासणी:
वर्डचा डॉक्स हा फाईलप्रकारही झिपच, आणि २००८पासून आयएसओ २९५००. मग त्याच्यावर राग का? पानांची मांडणी करणारा इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरतो. त्यात 'प्लेस'ने डॉक्स, आरटीएफ थेट येतात, ओडीटी येत नाही. शिवाय वर्ड २००७, २०१०मधून ओडीटी सेव्ह केली तर ट्रॅक चेंजेस, म्हणजे दुरुस्त्यांच्या खुणा, टिकत नाहीत. मुद्रितशोधकाची मेहनत पाण्यात.

टंकसाळ:
वर्ड एरवी डॉक्स लिहितं ते 'ट्रान्झिशनल' प्रकारात, म्हणजे जुन्या वर्डचं गाठोडं पाठीवर घेऊनच. ओडीटीसाठी लेखकाला नवं काही घ्यायला नको. वर्डच्या सेव्ह अ‍ॅजमध्ये 'ओपनडॉक्युमेंट टेक्स्ट' आहे, गुगल डॉक्सच्या डाउनलोडखालीही आहे. मांडणीपुरती डॉक्स लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमधून काढा.

वेलांटी:
भांडण भलत्याच टोकावर चाललंय. युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांनाच मराठी रूप दिलेलं असतं; तो मजकूर ओडीटीत भरला तरी त्या एक्सएमएलमध्ये रोमन अक्षरांची भेळच दिसणार. फॉन्ट गेला की लेख गेला. 'मार्मिक' घ्या. जुन्या फॉन्टमध्ये 'मि'ची वेलांटी म-च्या आधी टंकलेली, रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलट: आधी र्, मग म, मग वेलांटी. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर इथेच अडखळतो. म्हणून रूपांतरानंतर आधी रफार आणि पहिली वेलांटी तपासायची, जोडाक्षरं मागाहून. आणि नुसती पीडीएफ घेऊच नका. तिच्यात अक्षरांची चित्रं दिसतील त्या क्रमाने मांडलेली असतात, त्यामुळे कॉपी केल्यावर वेलांट्या इकडच्या तिकडे होतात.

उलटतपासणी:
युनिकोडबद्दल दुमत नाही. त्या हिशेबाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लेखही चालेल! पण पीडीएफ सोबत हवीच, लेखकाला पडद्यावर काय दिसत होतं ते कळायला.

टंकसाळ:
मग लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ एक्स्पोर्ट करताना 'हायब्रिड'वर खूण करा. ओडीटी त्याच फाईलच्या पोटात जाते.

उलटतपासणी:
ती पोटातून काढत कोण बसणार? मांडणीवाला पीडीएफ अ‍ॅक्रोबॅटमध्ये उघडून कॉपी-पेस्ट करेल, आणि वेलांट्या परत फिरतील.