पाऊस कमी झाला, की वाटणी बिघडली? (मराठवाड्यातलं सोयाबीन)

तिफण: सोयाबीन गेलं की बांधावर एकच निदान: पाऊस कमी झाला. मला हे पटत नाही. हंगामाची बेरीज बऱ्याचदा भरते, बिघडते ती वाटणी. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा, आणि २०२५ च्या सप्टेंबरात हाच मराठवाडा पाण्याखाली. 'पाऊस कमी' म्हटलं की माणूस बोअर घेतो. वाटणीचा दोष मानला तर पेरणी सुधारावी लागते. मृग नक्षत्रात (जूनमध्ये) ३०-४० मिमीवर पेरतात, वरचा थर तेवढा भिजलेला असतो, मग उघडीप आणि दुबार पेरणी. ७५ ते १०० मिमी होऊ द्या, बी ३-४ सेंमीच्या खाली जाऊ देऊ नका.

काळी_माती: बेरीज कुणाच्या शिवाराची? अख्ख्या महसूल मंडळाला, म्हणजे कितीतरी गावांना मिळून, पर्जन्यमापक एक. त्यात २४ तासांत ६५ मिमी भरले तरच सरकारी नोंदीत अतिवृष्टी. शेजारच्या गावात ढगफुटी झाली तरी नोंद कोरडीच. आणि 'मघा कोरड्या गेल्या, हस्तानं झोडपलं' (मघा ऑगस्टातलं नक्षत्र, हस्त सप्टेंबरअखेरचं) हे शेतकरीच म्हणतो ना? वाटणीचं निदान ते दुसरं काय असतं! थांबा म्हणणंही सोपं आहे. जुलैचा दुसरा आठवडा ओलांडला की उतारा घसरतो.

उघडीप: दोघांनीही वाणाचा विषय टाळलाय. सुमारे ९० दिवसांत येणारा जेएस ९३-०५ हस्ताच्या पावसाआधी निघतो. तोच लावावा.

तिफण: आणि २०२३ सारखा ऑगस्ट आला तर? जूनअखेर पेरलेला लवकरचा वाण जुलैअखेर फुलतो, म्हणजे शेंगा भरायच्या त्याच कोरड्या महिन्यात. फुले संगम १०५-११० दिवसांचा, त्याला सप्टेंबरचा पाऊस सापडतो. पण २०२५ सारखं वर्ष असलं की तोच उभ्यानं सडतो. म्हणून अर्धं रान लवकरचं, अर्धं उशिराचं.

काळी_माती: कागदावर ठीक. दोन एकरवाल्यानं दोनदा मजूर लावायचे आणि मळणीयंत्राची दोनदा वाट बघायची?

उघडीप: बरं, वाण एकच ठेवा, पण रुंद वरंबा-सरीवर (रुंद उंच वाफा, दोन्ही बाजूंना सरी) टोका. बी एकरी ३० किलोऐवजी २२-२४ पुरतं, पावसाच्या खंडात वरंब्यात ओल टिकते, जादा पाणी सरीतून निघतं. खंड लांबला तर भेगा पडायच्या आत कोळपणी, आणि १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट, विद्राव्य खत) फवारायचं.

काळी_माती: सरीचं पाणी जाणार कुठं? खालच्या बांधाला चर नसेल तर ते तिथंच तुंबतं, मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात. मग लोक त्याला यलो मोझॅक (पांढरी माशी पसरवते तो विषाणूरोग) समजून पांढऱ्या माशीवर फवारे मारत बसतात. चर काढायचा तर खालच्या शेजाऱ्याची परवानगी लागते. ती तेवढी मिळवून द्या.