आब्रासो म्हणजे मिठीच

टँगो या जोडीने करायच्या नाचात पुरुष हाताने ओढत-ढकलत जोडीदारणीला फिरवतो, असं काही जण म्हणतात. नवशिके तसंच करतात, खरं आहे. (मीही करायचो. समोरची बिचारी खांदे आखडून घ्यायची.) पण अर्जेंटिनात जोडीदाराला असं धरण्याला ‘आब्रासो’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘मिठी’. नेणाऱ्याचा उजवा हात तिच्या पाठीमागून जातो, डाव्या हातात तिचा उजवा हात असतो, आणि इशारा येतो तो छातीतून. त्याने वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं की तिला ते पाऊल पडायच्या आधीच कळतं. डावा हात घट्ट दाबला की हा निरोप पोचतच नाही.

स्पर्धांमधला बॉलरूम टँगो वेगळा. तिथे कमरेजवळ स्पर्श आणि वरची शरीरं लांब. ब्वेनोस आयरेसच्या मिलोंगांमध्ये (टँगोच्या नाचसभा) नेमकं उलट: छाती टेकलेली, पाय मोकळे. दोघंही किंचित पुढे झुकलेली, उलट्या ‘व्ही’सारखी. गर्दीच्या फरशीवर मोठी पावलं टाकायला जागाच नसते, तिथे हीच मिठी सोयीची.

आणि मिठी पूर्णवेळ आवळलेली नसते. वळण घेताना तिला कंबर फिरवायला जागा लागते, तेव्हा मिठी सैल होते, मग पुन्हा मिटते. किती जवळ यायचं हे शिष्टाचाराप्रमाणे बाई ठरवते. तिने अंतर ठेवलं तर ते तसंच राहू द्यायचं, ओढायचं नाही.