गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लहान कुत्रीला पूरक उपचार कोणते द्यावेत?

धागाकर्ती (सातारा)

आमची चिंगी पाच वर्षांची, साडेचार किलो वजनाची पॉमेरेनियन आहे. तिच्या मागच्या उजव्या गुडघ्याची वाटी वारंवार आतल्या बाजूला सरकत असे. चालता चालता दोन-तीन पावले ती पाय उचलून धरायची आणि लगेच टेकवायची, त्यामुळे बरेच दिवस आम्ही ते तिचे खेळणेच समजलो. तपासणीत दोष तिसऱ्या श्रेणीचा निघाला आणि १२ दिवसांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या हाडातील खोबण खोल केली असून नडगीच्या हाडाचा उंचवटा सरकवून पिनेने बसवला आहे. मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचे द्रव औषध चालू आहे व टाके परवा काढायचे आहेत. पाय ती नुसता बोटांवर टेकवते, वजन देत नाही.

घरात आणि शेजारी प्रत्येक जण वेगळे काही सुचवत आहे: हळदीचे दूध, निलगिरीच्या तेलाचे मालिश, गुग्गुळ, अॅक्युपंक्चर, पाण्यातील व्यायाम. यांपैकी कशाने खरोखर आराम पडेल, काय केव्हा सुरू करावे आणि काय टाळावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आमच्या पॉमेरेनियनची हीच शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून सविस्तर लिहितो. कोणत्याही उपचाराआधी घरातील फरशीकडे पाहा. गुळगुळीत फरशीवर पाय एकदा घसरला तरी नव्याने बसवलेल्या हाडावर ताण येतो. आम्ही पाण्याचे भांडे, अंथरूण आणि दार यांना जोडणाऱ्या वाटेवर रबरी चटया अंथरल्या आणि पंजांच्या गाद्यांमधले केस बारीक कातरले. या जातीत ते केस इतके वाढतात की गादी जमिनीला टेकतच नाही. सोफ्यावर चढणे, जिना, दारावरची बेल वाजताच धावणे हे सर्व सहा ते आठ आठवडे बंदच ठेवावे लागते. आम्ही त्याला लहान कुंपणात ठेवत असू आणि कुंपण माणसांच्या वर्दळीतच मांडत असू, कारण एकटे पडले की तो उड्या मारायचा. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा पुठ्ठ्याखाली असावा.

टाके निघाल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने आम्ही सांध्याची हालचाल सुरू केली. कुत्र्याला निरोगी कुशीवर निजवून एक हात मांडीला, दुसरा नडगीला आधार देत गुडघा अगदी सावकाश वाकवायचा आणि सरळ करायचा. एका वेळी १० ते १५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा. त्याआधी कोमट, ओलसर फडक्याने पाच-दहा मिनिटे मांडीचे स्नायू शेकले की पाय सैल पडतो. स्नायू ताठ झाले, कान मागे गेले किंवा मान वळवून तो आपल्या हाताकडे पाहू लागला, तर तिथेच थांबावे.

प्रतिसाद २ (मी पशुवैद्यक आहे)

त्वचेवर चोळायचे आणि पोटात द्यायचे उपचार यांबाबत कळकळीने सांगते. कुत्रा अंगावरचे तेल चाटतो, त्यामुळे मालिशचे तेल शेवटी पोटातच जाते. निलगिरी आणि कापूर कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. वेदनाशामक मलमांतील गंधपुऱ्याच्या तेलात अॅस्पिरिनच्याच कुळातले द्रव्य असते. ते मेलॉक्सिकॅमच्या जोडीला पोटात गेले, तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका असतो. मालिश कोरड्या हातानेच करावे आणि जखमेपासून दूर, पाठीवर, खांद्यांवर आणि निरोगी पायावर करावे. सगळा भार तिथेच येतो आणि ते स्नायूच आखडतात.

स्वयंपाकातील चिमूटभर हळदीची भीती नाही, पण तेवढ्याने सूजही उतरत नाही. हळदीच्या सत्त्वाच्या कॅप्सूल मात्र विचारल्याविना देऊ नयेत. त्यांत बहुधा मिरीचे सत्त्व मिसळलेले असते आणि ते इतर औषधांच्या शोषणात फरक पाडू शकते. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही. जुलाबाने शरीरातले पाणी घटले की मेलॉक्सिकॅम मूत्रपिंडांना अधिक जाचक ठरते. गुग्गुळही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवूनच सुरू करावा. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारखी घरातली गोळी कधीही देऊ नये.

प्रतिसाद ३

पाण्याखालच्या चालत्या पट्ट्यावरील (ट्रेडमिलवरील) व्यायामाने आमच्या कुत्रीला फार फायदा झाला. पाणी खुब्याच्या सांध्यापर्यंत असले की पायांवर शरीराचे सुमारे ३८ टक्केच वजन येते, गुडघ्यापर्यंत असले तर सुमारे ८५ टक्के. त्यामुळे भार हळूहळू वाढवता येतो. जखम पूर्ण भरल्याशिवाय पाण्यात उतरवू नये. बादलीत किंवा टबात पोहायला लावणे हा त्याला पर्याय नव्हे, कारण घाबरलेला कुत्रा जोरजोरात पाय झाडतो. अॅक्युपंक्चर आम्ही प्रशिक्षित पशुवैद्यकाकडून करून घेतले. कुत्री त्या वेळी शांत पडून राहायची आणि त्या रात्री तिला झोप चांगली लागायची, परंतु वेदनाशामक औषध आम्ही त्यासाठी एक दिवसही कमी केले नाही. आपण साताऱ्यात आहात, तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फिजिओथेरपीची चौकशी करावी. मुंबईला येणे शक्य असल्यास परळच्या महाविद्यालयातही विचारून पाहावे.

धागाकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. टाके काल निघाले. निलगिरीचे तेल मी पहिल्याच दिवशी थोडेसे लावले होते, ते डॉक्टरांना सांगून टाकले. त्यांनी तिला तपासले आणि काळजीचे कारण नसल्याचे सांगितले. सांध्याची हालचाल त्यांनी स्वतः करून दाखवली आणि दोन आठवडे तेवढीच करायला सांगितली आहे. पाण्यातील व्यायामाचा निर्णय सहाव्या आठवड्यातील एक्स-रे पाहून होईल. चटया आजच अंथरल्या. संध्याकाळी चिंगी पाणी प्यायला उभी राहिली, तेव्हा भांडे संपेपर्यंत उजवा पंजा पूर्ण टेकलेला होता.