स्कूटर घ्यायचीय, पेट्रोलची नव्हे

ए-२०३ : नमस्कार. चिकूसाठी स्टंट स्कूटर घ्यायचीय. कुणाला त्यातलं काही माहिती आहे का? बजेट सात-आठ हजार.

सेक्रेटरी : वहिनी, नऊ वर्षांच्या पोराला स्कूटर? आणि वर स्टंट? मागच्या मीटिंगमध्ये पार्किंगमधल्या स्पीडवरच अर्धा तास गेलाय.

ए-२०३ : काका, पायानं ढकलायची ओ 😄 दिवाळीत मामाकडं बांद्र्याला गेलेला. कार्टर रोडच्या स्केटपार्कमध्ये पोरं उड्या मारताना बघितली. आल्यापासून घरातली घडीची स्कूटर घेऊन पायरीवरून उडी मारतोय. काल हँडलच लचकायला लागलं.

बी-१०१ : लचकणारच. घडीच्या स्कूटरला बिजागरी असते, सगळा भार एका पिनेवर. सपाट रस्त्याला ठीक आहे. उडी मारून खाली आला की दणका बरोबर त्याच पिनेला. भोक लंबगोल झालं की खेळ खलास. स्टंटवाली घडी होतच नाही.

ए-२०३ : ऑनलाइन एक बघितली. नाव ‘स्टंट’, पण हँडल वर-खाली करायची कळ आहे. वाढत्या वयाला बरी पडेल असं वाटलं.

बी-१०१ : कळ दिसली की सोडून द्या.

ए-३०५ : मोठीच घे गं. शाळेचे बूट नाही का आपण एक नंबर मोठे घेत? पुढं मोजे घालायचे 🙏

सी-४०२ : काकू, इथं ते जमत नाही. आमच्या थोरल्याला आम्ही तसंच केलं आणि वर्ष वाया घालवलं. उडी मारताना हँडल धरून अख्खी स्कूटर पायाखाली वर ओढायची असते. हँडल छातीला लागत असेल तर पोरगं ओढणार कुठून? फळीवर उभं केल्यावर हँडल कंबर ते बेंबीच्या मध्ये यायला हवं. फळीही लांब-रुंद नको, जड होते. पुढं फळी हँडलभोवती गरकन फिरवायला शिकतात, त्याला टेलव्हिप म्हणतात. चुकलं की तीच फळी सरळ नडगीवर. त्यानं महिनाभर हळद लावून घेतलीय.

ए-२०३ : अगं बाई. तो आता चालवतो का?

सी-४०२ : आता इंजिनीअरिंगला. स्कूटर माळ्यावर. हवी असेल तर घेऊन जा, काय द्यायचं ते द्या. चांगल्यातली आहे, पण हँडल जमिनीपासून ३५ इंच. चिकूला ३०-३१ पुरे.

बी-१०१ : हँडल स्टीलचं की ॲल्युमिनियमचं?

सी-४०२ : चुंबक चिकटतोय. स्टील.

बी-१०१ : मग खालून चार इंच कापून देतो. नळी कापता येते, वाढवता येत नाही, म्हणून मोठं हँडल असलं तरी बिघडत नाही. क्लॅम्पमध्ये, म्हणजे हँडल आवळून धरणाऱ्या पकडीत, आवळायला खाली उभी चीर असेल तर तीही नव्यानं पाडावी लागेल, ते वर्कशॉपला होईल. मुठींच्या टोकाला बुचं आहेत का बघा. उघडी नळी पोटात बसली तर लई वाईट.

सी-४०२ : एक बूच गेलंय.

बी-१०१ : घाला. चाकं?

सी-४०२ : ११० मिमी. मधला भाग धातूचा. बेअरिंगवर एबीईसी ९ लिहिलंय.

बी-१०१ : त्या आकड्याला भुलू नका. तो अचूकपणाचा आकडा, दणके किती सोसेल त्याचा नव्हे. धातूचा मधला भाग हे मात्र चांगलं. आणि वहिनी, शंभर फुटी रोडला नेऊ देऊ नका. टणक छोटी चाकं. खडा आला की स्कूटर थांबते, पोरगं थांबत नाही.

बी-२०७ : हेल्मेटचं कुणीच बोलेना. गाडीचं नको, जड होतं. सायकल-स्केटिंगचं, आत ईएन १०७८ (अशा हेल्मेटचं युरोपियन मानक) छापलेलं बघा. भुवईच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, मागं कलंडलेलं नको. बजेटमधले पैसे आधी तिकडं काढा. गुडघे-कोपरांचे पॅड आणि नडगीलाही काहीतरी.

ए-२०३ : नक्की, ताई. पण काका, उड्या मारून झालेली जुनी स्कूटर घ्यायची भीती वाटते. आतून गेली असेल तर?

बी-१०१ : बरोबर विचारलंत. मोडते ती बहुतेक फळी नि पुढची उभी नळी जिथं वेल्ड केलीय तिथं. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. आमच्याकडं कुपवाडच्या कारखान्यात जॉबला, म्हणजे बनवलेल्या भागाला, डाय पेनेट्रंट मारतो, चीर शोधायचा रंग. आधी तेल-मळ पुसायचा, लाल रंग फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुसून टाकायचा, मग पांढरा डेव्हलपर. चीर असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ काढून वर येतो. रेघ आली तर स्कूटर भंगारात, माया नको. नाही आली तर हेडसेट, म्हणजे हँडल फिरतं तिथलं बेअरिंग, आवळून देतो. दोन इंच उचलून सोडायची, खडखडली तर अजून ढिली आहे.

ए-३०५ : आणि मोजे?

बी-१०१ : काकू, मोजे घालू दे की 😄 रविवारी नऊला स्कूटर खाली आणा. रंगाचे डबे घेऊन येतो.

सेक्रेटरी : लाल रंग गेटबाहेर मारा. पार्किंगची फरशी परवाच धुतलीय.