मातीतली कुस्ती स्वतः करून बघायची आहे, बेळगाव भागात बाहेरच्याला तालमीत घेतात का?

शहापूरकर_सध्या_पुण्यात
प्रश्न जरा लाजिरवाणा आहे, हसू नका. ऑफिसातला एक मित्र, लखनौचा, मागच्या वर्षी केरळात कळरीपयट्टू बघून आला. तिकीट काढून तासाभराचा शो, ढाल-तलवार, आगीच्या रिंगणातनं उडी, सगळं झकास. आता म्हणतो तुझ्या गावाकडचं काय आहे ते दाखव, पण शो नको, मला करून बघायचंय. मी तोऱ्यात सांगून बसलो की आमचा पैलवानांचा मुलूख, तू ये नुसता. आणि खरी गोष्ट अशी की आमच्या गल्लीच्या तोंडालाच तालीम आहे, शाळेला जाताना रोज शड्डूचा आवाज ऐकलाय, पण आयुष्यात एकदाही उंबरा ओलांडलेला नाही. आई म्हणायची कान मोडून घेशील, अभ्यास कर.
शनिवार-रविवार दोनच दिवस आहेत. फी असते का, काय घालायचं, फोटो काढू देतात का, आणि वय ३४, पोट सुटलंय, काही मोडणार तर नाही ना?

चिक्कोडीकडचा_माजी
फी कसली रे भावा. फी किती म्हणून विचारलास तर वस्ताद तिथनंच परत पाठवेल. ओळखीच्या माणसाकडनं आदल्या दिवशी निरोप दे, नारळ घे, पोरांच्या थंडाईला पावशेर बदाम घे, झालं. आणि नखं काप. हे पहिलं. अंगठी, चेन, हातातलं कडं सगळं घरी. रात्री बाटली झाली असली तर सकाळी येऊच नको, वास लपत नाही.
पाचच्या आत पोच. चपला भायेर, आधी मारुतीच्या पाया पड, मग हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यातली, चिमूटभर माती कपाळाला लाव आणि मगच आत पाय टाक. पहिल्या दिवशी कुणी तुला कुस्ती शिकवणार नाही, हातात फावडं देतील. माती उकरायची. वाटतंय सोपं, खरं अर्ध्या हौद्यातच कंबर बोलायला लागते. आम्ही पोरं असताना म्हणायचो की निम्मी कुस्ती फावड्यानंच होतीय. तांबडी माती असते, चाळून घेतलेली, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर. उगीच नवसाला नाही टाकत. तेला-ताकानं धूळ उडत नाही, माती मऊ राहते, आणि खरचटल्यावर हळद आहेच. अंगाला घाम आला की हात सटकतो, म्हणून मूठभर माती घेऊन समोरच्याच्या पाठीवर-दंडावर टाकायची, मग पकड बसते. मॅटवर हे नाही, तिथं सगळं चपळाईवर. मातीत पाय रुततो, डाव सावकाश चढतो, दम लागतो.
मग जोर-बैठका. तू पंचवीस जोर मारलास तरी मी मानीन.
मजा ऐकायची असली तर वस्तादाकडं कान दे. आमच्याकडं शिवी मराठीतनं आणि सूचना कन्नडमधनं. पोरगा खाली दबला की ओरडतात "हिडी हिडी, बिडब्याड!" म्हणजे धर, सोडू नको. कुठल्याही घरचा असो, हौद्यात सगळ्यांना तेवढं कन्नड येतंय.
फोटो विचारून. मारुतीकडं पाठ करून सेल्फी काढायचा नाही.

दांडपट्टा_प्रेमी
माफ करा पण मित्राला युद्धकला बघायची आहे ना, मग कुस्ती कशाला? मर्दानी खेळ दाखवा. दांडपट्टा, विटा, लाठी, फरी-गदगा (ढाल आणि काठी). पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळं मनगट वळत नाही, सगळा फिरवा खांद्यातनं आणि कमरेतनं येतो, हे जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. कोल्हापुरात आखाडे आहेत, बेळगावहून साधारण ११० किमी. आणि बेळगावातच बघायचं तर शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला या, रात्रभर चालते.

चिक्कोडीकडचा_माजी
दादा त्यांनी करून बघायचं म्हटलंय. शनिवारी आलेल्या माणसाच्या हातात पट्टा दिलास तर रविवारी स्वतःचाच कान कापून घेईल.

दांडपट्टा_प्रेमी
😀 ते बरोबर. पहिले काही महिने पायाचे पवित्रेच असतात, हत्यार नंतर.

सांबऱ्याची_सून
मी माहेरची कोकणातली, लग्नानंतर पहिल्यांदा यात्रेचं मैदान बघितलं म्हणून लिहिते. शो नको म्हणताय ठीक आहे, पण तालीम सकाळी बघितलीत तर मैदान पण बघाच, दोन्ही मिळून खरी गंमत कळते. सुगीनंतर पाऊस लागेपर्यंत सांबरा, येळ्ळूर, कंग्राळी या बाजूला यात्रांची मैदानं असतात, शहरात आनंदवाडीच्या आखाड्यात मोठ्या कुस्त्या होतात. दुपारी सुरुवातीला चिमुकल्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, कुणाची चड्डी निसटते कुणी हरल्यावर थेट आईकडं पळतो. मग हळूहळू वजन वाढत जातं, हलगी चढत जाते आणि दिवस मावळायला मोठ्या जोडी येतात. मोठे दोघं आधी नुसते खडाखडी करत राहतात, मानेवर हात, डोक्याला डोकं, मला वाटलं काय हा वेळकाढूपणा, आणि तेवढ्यात ढाक नावाचा डाव बसला की काय झालं ते कळायच्या आत दोन्ही खांदे मातीला. चितपट. जिंकलेला गडी मग लोकांतनं फिरतो, कुणी १० देतं कुणी १००.
एक तक्रार. आता मैदानात मुलींच्या कुस्त्या लावतात, टाळ्या पण पडतात, खरं आमच्या इथल्या एका तालमीत माझ्या लेकीला हौद्याच्या काठावर उभं राहू दिलं नाही. मातीला मुली चालत नाहीत म्हणे. शेतातली माती चालते की.

चिक्कोडीकडचा_माजी
वहिनी यावर बोलायला तोंड नाही आमचं.
मूळ प्रश्नवाल्याला अजून एक. वेळ उरला तर मित्राला कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान दाखव. शाहू महाराजांनी रोमचं मैदान बघून तसलं बांधायचं मनावर घेतलं, १९१२ ला सुरू झालं. मधे हौदा आणि भोवती उतरती बैठक, कुठनंही बसलं तरी पैलवान दिसतोय. आणि जाता जाता सांग की पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, १९५९ चे, ते आमच्या एकसंब्याचे. लोक कोल्हापूरचे म्हणतात, तालीम तिथली होती हे कबूल, खरं जन्म चिक्कोडी तालुक्यातला. हे मी प्रत्येक वेळी सांगतो, सवय आहे.

शहापूरकर_सध्या_पुण्यात
जाऊन आलो! उशिरा लिहितोय कारण चार दिवस हात वर होत नव्हता.
आपल्याच गल्लीच्या तालमीत गेलो. वस्तादांनी मला बघून पहिलं वाक्य टाकलं, "तू मास्तरांचा न्हवं? तीस वर्सं लागली व्हय हितवर यायला?" घरापासनं दोनशे पावलं.
फावडं दिलंच. मित्र जिमवाला, तो म्हणाला मी करतो, आणि दहा मिनिटांत त्याच्या तळहाताला फोड. एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा आला, काही न बोलता त्याच्या हातनं फावडं घेतलं आणि उरलेला हौदा गाणं गुणगुणत उकरून टाकला. मग त्याच पोराशी मित्राची लढत लावली. वजनात दुप्पट फरक. पोरानं पाय धरून पट काढला, मित्र बसला. परत उठला, परत बसला. तिसऱ्यांदा मित्रानं त्याला धरून ठेवलं तर बाकीची सगळी "बिडब्याड बिडब्याड" म्हणून ओरडायला लागली, आणि हा लखनौचा गडी मला विचारतोय की हे शिव्या देतायत का. विचारायला तोंड वळवलं आणि पाठीवर गेला.
माझे जोर अकरा. पंचवीस नाही, अकरा. शेवटचा वस्तादांनी मोजला नाही.
थंडाईचं वाटण तिथंच दगडावर चाललं होतं, बदाम खसखस बडीशेप मिरी, आम्हाला पण पेला दिला. निघताना मित्रानं पाकीट काढलं तेवढ्यात मी त्याचा हात दाबला, चिक्कोडीकरांचे आभार.

चिक्कोडीकडचा_माजी
अकरा बरे आहेत. कानातली माती निघाली काय?

शहापूरकर_सध्या_पुण्यात
माझी निघाली. मित्र लखनौला गेलाय, तिथनं फोन करून विचारतोय की टॉवेल तीनदा धुतला तरी कापराचा वास येतोय, काय करू. मी म्हटलं राहू दे.